पळ, पोबारा आणि सुटका : अचानक निघून जाण्याच्या शब्दांचा शोध

इंग्रजीच्या अभ्यासपुस्तकांत समानार्थी शब्दांच्या याद्या असतात. 'अचानक निघून जाणे' या अर्थाची यादी त्यांत बरीच लांब असते : फ्ली, एस्केप, अॅबस्कॉन्ड, डिकॅम्प, इलोप, स्कार्पर, स्केडॅडल. म्हसळ्यात मी तीसेक वर्षे मराठी आणि इंग्रजी हे दोन्ही विषय शिकवले. ही यादी आली की वर्गातून हमखास एक प्रश्न येई : "सर, सगळ्यांचा अर्थ 'पळून जाणे' असाच ना? मग एवढे शब्द कशाला?" या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी मी मराठीतली यादी फळ्यावर लिहायला सुरुवात केली आणि ती इंग्रजीपेक्षाही लांबली. पळ काढणे, काढता पाय घेणे, पोबारा करणे, धूम ठोकणे, सुंबाल्या करणे, गाशा गुंडाळणे, गुंगारा देणे, पसार होणे, फरार होणे, परागंदा होणे, निसटणे, सटकणे. मुले त्यात 'कल्टी मारणे' आणि 'फुटणे' यांची भर घालत.

हे शब्द अर्थाने जवळचे असले तरी एकाच्या जागी दुसरा ठेवता येत नाही. निघून जाण्याची क्रिया एकच असते. बदलते ते सांगणाऱ्याचे मत. कोणता शब्द निवडला यावरून सांगणारा कोणाच्या बाजूने उभा आहे हे कळते. हा निवाडा शब्दात कसा शिरतो आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे तपासण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

शब्दांची कुळे

मुळातला शब्द 'पळणे'. तो संस्कृत 'पलायन'वरून प्राकृतमार्गे आला. 'पलायन' म्हणजे 'परा' हा उपसर्ग आणि 'अय्' म्हणजे जाणे हा धातू. दूर जाणे, एवढाच त्याचा मूळ अर्थ. या धातूपूर्वी उपसर्गातल्या 'र'चा 'ल' होतो आणि पाणिनीने त्यासाठी वेगळा नियम सांगितला आहे. म्हणजे शब्दाच्या जन्मात भित्रेपणा नव्हता. तो वापरातून आला.

पुढच्या शब्दांची मला पाच कुळे दिसतात. पहिले शरीराचे. काढता पाय घेणे, पायाला बुद्धी सांगणे, पाठीला पाय लावून पळणे, पाठ दाखवणे. यांतला 'काढता पाय' सर्वांत सभ्य. सभा रंगेनाशी झाली, वर्गणीची वही फिरू लागली, घरातल्या भांडणात पाहुणा सापडला की माणूस काढता पाय घेतो. त्यात घाई असते, पण चपला शोधण्याइतका वेळही असतो.

दुसरे कूळ सामानाचे. चंबूगबाळे आवरणे, बाडबिस्तरा गुंडाळणे, गाशा गुंडाळणे. 'गाशा' हा शब्द अरबी-फारसीतून आला. घोड्याच्या खोगिरावर घालायचे कापड म्हणजे गाशा. छावणी उठली की स्वार गाशा गुंडाळत. आज घोडा गेला, खोगीर गेले, तरी दुकान बंद करणारा व्यापारी आणि मोहीम आटोपती घेणारा पक्ष गाशाच गुंडाळतो. या कुळातल्या शब्दांत भीतीपेक्षा हार अधिक आहे. येथे आपला जम बसला नाही, ही कबुली त्यांत असते.

तिसरे कूळ खेळाचे. 'पोबारा' हा सोंगट्यांच्या डावातला शब्द. पौ म्हणजे एक, आणि त्याला जोडून बारा. हे दान फार चांगले समजले जाई. हिंदीत 'पौ बारह होना' म्हणजे नशीब उघडणे, चांदी होणे. मराठीने तेच दान घेतले आणि त्याचा अर्थ पळून जाणे असा केला. असे का झाले असावे? माझा तर्क असा की, मोठे दान पडले की सोंगटी एका झेपेत मारणाऱ्याच्या टप्प्याबाहेर जाते. हिंदीने त्या दानातला लाभ पाहिला, मराठीने सोंगटीची झेप पाहिली. म्हणून 'पोबारा'त थोडे कौतुक, थोडी चेष्टा असते. आंबे चोरणारी पोरे राखणदार दिसताच पोबारा करतात. त्या वाक्यात त्यांच्यावर फारसे कोणी रागावलेले नसते.

चौथे कूळ पाठलागाचे : गुंगारा देणे, हातावर तुरी देणे, डोळ्यांत धूळ फेकणे. यांचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. 'पळणे' एकट्याने करता येते, पण गुंगारा कोणाला तरी द्यावा लागतो, तुरी कोणाच्या तरी हातावरच द्याव्या लागतात. वाक्यात दुसरा माणूस आलाच पाहिजे आणि तो फसलेला असला पाहिजे. म्हणून या शब्दांत पळणाऱ्यापेक्षा पाठलाग करणाऱ्याचीच फजिती जास्त होते.

पाचवे कूळ दरबाराचे आणि कचेरीचे. 'फरार' मूळ अरबी, अर्थ पळ. 'परागंदा' फारसी, अर्थ विखुरलेला. 'पसार'चा जवळचा नातेवाईक गुजरातीत आहे. तेथे 'पसार थवुं' म्हणजे नुसते पार होणे, एखाद्या जागेतून पुढे जाणे. मराठीत मात्र ऐवज घेऊन जो जातो तो पसार होतो. शब्द शेजारच्या घरी साधा राहिला आणि आपल्याकडे येऊन गुन्हेगार झाला.

याशिवाय नादावरून आलेले धूम, सुंबाल्या, सटकन आहेत, आणि मुंबईच्या रस्त्यावरून आमच्याकडे परत आलेली कल्टी आहे. गणपतीला आलेला चाकरमानी तिला सोबत घेऊन येतो आणि आरत्या लांबल्या की वापरून दाखवतो.

'मी'ची कसोटी

हे शब्द वेगळे करण्यासाठी मी वर्गात एक साधी कसोटी वापरत असे. प्रत्येक शब्द प्रथमपुरुषी वाक्यात घालायचा. 'मी निसटलो', 'मी सुटलो', 'मी तेथून निघालो' ही वाक्ये माणूस गंभीरपणे बोलू शकतो. 'मी सटकलो', 'मी पोबारा केला' हे मित्रांत हसत सांगता येते. पण 'मी फरार झालो', 'मी ऐवज घेऊन पसार झालो' असे कोणी आपणहून म्हणत नाही. हे शब्द तृतीयपुरुषासाठीच आहेत. जो गेला तो ते बोलत नाही. मागे राहिलेले बोलतात.

'परागंदा'चे स्थान निराळे. 'आम्ही परागंदा झालो' असे एखादे घराणे आपल्या इतिहासाबद्दल सांगू शकते. त्यात गुन्ह्याची कबुली नाही, अन्याय सोसल्याची आठवण आहे. एकाच कचेरीतून आलेले 'फरार' आणि 'परागंदा' इतके दूर गेले, कारण एक शब्द पकडणाऱ्याने वापरला आणि दुसरा निघून गेलेल्याच्या वंशजांनी.

याला आणखी एक गोष्ट जोडतो. आमच्या कोकणात आणि एकूण महाराष्ट्रातच घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. जुन्या बायका 'जातो' म्हणणाऱ्याला उंबऱ्यावर थांबवून शब्द सुधारून घेत. 'गेला' हा शब्द मरणाशी जोडलेला, म्हणून ही काळजी. निघण्याची रीत म्हणजे सांगणे, पाया पडणे, हातावर दही घेणे आणि 'येतो' म्हणणे. अचानक निघून जाणारा ही सगळी रीत मोडतो. त्याने परत येण्याचा शब्द दिलेला नसतो. त्याच्यासाठी भाषेने एवढे शब्द राखून ठेवले, यामागे मागे राहिलेल्यांचा हा सल असावा असे मला वाटते.

इंग्रजीची उघडी शिवण

इंग्रजी शब्दांची शिवण उसवली की आतून अशीच चित्रे निघतात. 'एस्केप' लॅटिनमधल्या 'बाहेर' आणि 'झगा' या दोन शब्दांपासून झाला. पाठलाग करणाऱ्याच्या हाती झगा तेवढा ठेवून माणूस निसटला, हे त्यामागचे चित्र. आपल्या 'हातावर तुरी'च्या अगदी शेजारचे. 'डिकॅम्प' म्हणजे छावणी मोडणे. हा शब्द फ्रेंच लष्करातून आला आणि आपल्या 'गाशा गुंडाळणे'चा तो सख्खा भाऊ शोभतो. दोन दूरच्या फौजांनी आपापल्या भाषेला एकच वाक्प्रचार द्यावा याची मला नेहमी गंमत वाटते. 'स्कार्पर' इटालियनमधून खलाशी, नट, फेरीवाले यांच्या बोलीत आला. 'स्केडॅडल' अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१च्या सुमारास, वर्तमानपत्रांतून गाजला. तो बहुधा शत्रूच्या पळापळीसाठीच वापरला जाई. भाडे थकवून रात्रीत घर सोडणे याला इंग्रजीत चांदण्यातले स्थलांतर अशा अर्थाचा शब्द आहे. आपण त्याला नुसते 'रातोरात' म्हणतो. यजमानाला न सांगता निघून जाण्याला इंग्रज 'फ्रेंच रजा' म्हणतात आणि फ्रेंच लोक म्हणतात, 'तो इंग्रजी पद्धतीने सटकला'. वाईट चाल नेहमी शेजाऱ्याची!

'अॅबस्कॉन्ड'ची गोष्ट जास्त गंभीर आहे. लॅटिन मुळात त्याचा अर्थ लपणे. आपल्या फौजदारी कायद्यात हा शब्द इंग्रजीतून आला आणि न्यायालयांनी त्याचा मूळ अर्थ पाळला. गाव सोडले नाही, स्वतःच्या घराच्या माळ्यावर लपून बसला, तरी माणूस 'अॅबस्कॉन्ड' झाला असे धरता येते. मराठीत मात्र त्यासाठी 'फरार' रूढ झाला, आणि फरार म्हणजे तर पळालेला. दवंडी पिटणाऱ्याने 'फरार' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मुंबईची गाडी पकडणारा माणूस येतो. कायद्याच्या मनात मात्र माळ्यावरचाही असतो.

पणजोबा आणि पणतू

म्हसळा, श्रीवर्धन आणि मुरुड हे जंजिरा संस्थानचे तीन महाल. राजपुरीच्या खाडीपासून आमच्या डोंगरांपर्यंत सिद्दीचा अंमल होता. १९४८मध्ये संस्थान विलीन होऊन आम्ही कुलाबा जिल्ह्यात आलो. १९८१पासून तो जिल्हा रायगड झाला. या मुलखातून झालेले सर्वांत परिणामकारक प्रस्थान म्हणजे श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांचे. भटांकडे दंडाराजपुरी आणि श्रीवर्धनची देशमुखी होती. सिद्दीशी बिनसले आणि त्या घराण्याला गाव सोडावे लागले. बाळाजींचे भाऊ जानोजी यांना सिद्दीने पोत्यात घालून समुद्रात बुडवले, अशी परंपरागत कथा सांगतात. वेळासच्या भानू बंधूंसह बाळाजी घाटावर गेले, मराठा राज्याच्या सेवेत चढत गेले आणि १७१३मध्ये शाहू महाराजांनी त्यांना पेशवेपदाची वस्त्रे दिली.

जीव वाचवण्यासाठी वतन सोडून निघालेल्या या माणसाला मराठी इतिहासलेखन कोणता शब्द देते? 'परागंदा झाले', 'देशावर आले', 'कोकण सोडले'. 'पळाले' हा शब्द सहसा भेटत नाही.

आता त्यांचे पणतू पाहू. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुण्यातून निघाले ते सिंहगड, महाड, सुवर्णदुर्ग असे करत इंग्रजांच्या मदतीने वसईला पोचले आणि ३१ डिसेंबरला तेथे तह झाला. नकाशा समोर ठेवला की अंगावर काटा येतो. पणजोबा ज्या किनाऱ्यावरून वर गेले, त्याच्याच आसपासच्या किनाऱ्यावर पणतू खाली उतरला. पुढे ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीची लढाई झाली. पुणे सोडून बाजीराव सहासात महिने फौजेनिशी फिरत राहिले. फेब्रुवारी १८१८मध्ये अष्टीला बापू गोखले पडले आणि जूनमध्ये बाजीराव जनरल माल्कमच्या स्वाधीन झाले. सालिना आठ लाखांचे पेन्शन आणि ब्रह्मावर्ताचा मुक्काम त्यांच्या वाट्याला आला. मराठीने त्यांना 'पळपुटा' हे विशेषण दिले, आणि ते नावाला असे चिकटले की शाळेतला मुलगा सनावळी विसरतो, विशेषण विसरत नाही.

बाजीरावांची बाजू घेण्याचा माझा हेतू नाही. पण दोन प्रसंग शेजारी ठेवावेत. १६८९च्या एप्रिलमध्ये रायगडाला मोगलांचा वेढा पडला असताना छत्रपती राजाराम महाराज गड सोडून बाहेर पडले आणि त्याच वर्षी दूर जिंजीला पोचले. मागे रायगड पडला, येसूबाई आणि बाल शाहू शत्रूच्या हाती सापडले. तरी आपण त्याला 'जिंजीचे प्रयाण' म्हणतो, आणि ते योग्यच आहे, कारण त्या जाण्याने राज्य टिकले. संताजी-धनाजी शत्रूसमोरून नाहीसे होत, त्याला आपण गनिमी कावा म्हणतो. पाय तसेच चालतात, घोडे तसेच धावतात. शब्द मात्र नंतर, निकाल लागल्यावर ठरतो. जाणारा परत येऊन लढला की 'प्रयाण', पेन्शन घेऊन बसला की 'पळ'. या निवाड्यात तथ्य आहे, पण तो मागाहून केलेला आहे, हे विसरून चालणार नाही. निघण्याच्या रात्री राजाराम महाराजांना जिंजी दिसत नव्हती आणि बाळाजींना पेशवाई दिसत नव्हती.

सुटका, उडी आणि रणछोड

१७ ऑगस्ट १६६६. शिवाजी महाराज आणि बाल संभाजीराजे आग्र्याच्या पहाऱ्यातून निघाले. मराठीत याचे एकच नाव आहे, 'आग्र्याहून सुटका'. वि. ह. औंधकरांच्या नाटकाचेही नाव तेच. 'सुटका' या शब्दात कैद अन्यायाची होती, हे आधीच मान्य केलेले असते. न्यायाने तुरुंगात गेलेला सुटतो तो मुदत संपल्यावर, त्याआधी गेला तर तो पळालेला असतो. इंग्रजी 'एस्केप' या दोन्ही अर्थांना पुरतो, कैद न्याय्य होती की नाही हे तो सांगत नाही. मराठीला मात्र बाजू घ्यावीच लागते.

८ जुलै १९१०ला मार्सेलिस बंदरात सावरकरांनी बोटीतून समुद्रात उडी घेतली. ते किनाऱ्यावर पोचले, पण पुन्हा पकडले गेले. प्रयत्न फसला, तरी मराठीत त्याला 'मार्सेलिसची उडी' म्हणतात. पळण्याच्या सगळ्या क्रियेतून तेवढा एक धाडसाचा क्षण उचलला आणि त्याचे नाव संपूर्ण घटनेला दिले. १९४१च्या जानेवारीत सुभाषबाबू कलकत्त्यातल्या नजरकैदेतून नाहीसे झाले. बंगाली माणूस त्याला 'महानिष्क्रमण' म्हणतो. हा शब्द थेट बुद्धचरित्राची आठवण देतो. पत्नी आणि नवजात मूल झोपेत असताना, रात्री, न सांगता सिद्धार्थाने घर सोडले. लौकिक भाषेत याला काय म्हटले असते ते आपण जाणतो. परंपरेने त्याला 'महाभिनिष्क्रमण' म्हटले.

आमच्या म्हसळ्यात मराठी बोलणाऱ्या कोकणी मुसलमानांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या कालगणनेचा आरंभच एका निघून जाण्याने होतो. सन ६२२मधले मक्केहून मदिनेला झालेले ते प्रस्थान म्हणजे हिजरत. जुनी इंग्रजी पुस्तके त्याला सर्रास 'फ्लाइट', म्हणजे पळ, म्हणत. ज्यांच्यासाठी ती घटना पवित्र आहे, त्यांना हे भाषांतर का खुपते हे आग्र्याच्या उदाहरणावरून आपल्याला चटकन कळावे.

आणि रणछोड. जरासंध आणि कालयवन यांच्यापुढून कृष्णाने मथुरा सोडली. गुजरातने त्या घटनेचे दैवत केले. डाकोरला रणछोडरायाचे मंदिर आहे आणि घराघरांत मुलाला रणछोडदास हे नाव ठेवतात. मराठीत त्याच 'रणछोडदासा'चा टोमणा झाला. व्यापारी किनाऱ्याने लढाई टाळण्यात शहाणपण पाहिले. घाटावरच्या लढवय्या समाजाला त्यात कमीपणा दिसला, असे म्हणायला जागा आहे. पण आपण तरी 'शिर सलामत तर पगडी पचास' असे म्हणतोच की!

एकाच माणसाची दोन नावे

शब्दाने बाजू ठरते याचा सर्वांत स्पष्ट पुरावा १९४२चा आहे. क्रांतिसिंह नाना पाटील १९४२ ते १९४६ अशी चार वर्षे पोलिसांच्या हाती लागले नाहीत. सरकारच्या दृष्टीने असा माणूस 'फरारी'. सातारा जिल्ह्यातल्या लोकांच्या तोंडी तो 'भूमिगत'. 'भूमिगत' म्हणजे जमिनीत गेलेला. तो गाव सोडून गेलेला नाही, गावाच्याच पोटात आहे, असे त्या शब्दाला म्हणायचे आहे. फरारी माणसाला लपवणारा गुन्ह्यात सामील असतो, भूमिगताला भाकरी देणारा देशकार्यात. एक शब्द बदलला की भाकरी देणाऱ्या बाईचीही भूमिका बदलते. म्हणून हा केवळ शब्दांचा खेळ नाही.

'पळून गेली'

हे सगळे इतिहासातले झाले. रोजच्या जगण्यात या शब्दांचा मार सर्वांत जास्त बसतो तो मुलींना. अठरा वर्षे पूर्ण झालेली मुलगी आपल्या पसंतीच्या मुलाशी लग्न करायला घराबाहेर पडते. गाव म्हणते, 'पळून गेली', किंवा 'अमक्याचा हात धरून पळून गेली'. मुलाबद्दल बोलताना म्हणतात, 'त्याने पळवून नेली'. ही दोन्ही वाक्ये तपासा. पहिल्यात ती कर्ता आहे, पण गुन्हेगार. दुसऱ्यात ती कर्म आहे, सामानासारखी. तिने ठरवले आणि ती गेली, हे सांगणारे वाक्य रूढ भाषेत नाही. तक्रार नोंदवताना 'फूस लावून पळवून नेले' हा साचा तयारच असतो. अजाण मुलीच्या बाबतीत तो साचा आवश्यक आहे. तेथे कायदा तिच्या रक्षणासाठी उभा असतो. पण तोच साचा सज्ञान मुलीवर बसवला की तिची इच्छा कागदावरून पुसली जाते.

इंग्रजीचा 'इलोप'ही असाच होता. मध्ययुगीन इंग्लंडच्या कायद्यात तो नवऱ्याला सोडून दुसऱ्याबरोबर गेलेल्या बायकोसाठी वापरत. १२८५च्या कायद्याने अशा बायकोचा नवऱ्याच्या मालमत्तेतला वाटा जाई. पुढे तो शब्द मऊ झाला आणि आज त्याचा अर्थ दोघांनी मिळून गुपचूप लग्न करणे असा आहे. म्हणजे शब्द बदलू शकतात.

आपल्याकडे तर सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वीचे उदाहरण आहे. विदर्भाच्या रुक्मिणीने ब्राह्मणाच्या हाती पत्र पाठवून कृष्णाला बोलावले आणि ती त्याच्या रथात बसून गेली. या कथेला 'रुक्मिणीहरण' असे म्हणण्याची प्रथा आहे. एकनाथांनी आपल्या ग्रंथाचे नाव ठेवले 'रुक्मिणीस्वयंवर'. 'हरण'मध्ये ती नेली जाते, 'स्वयंवर'मध्ये ती निवडते. घटना तीच, रथ तोच. नाथांनी एका शब्दाने कर्ता बदलला. लग्न जमेना तर मुलीने या ग्रंथाचे पारायण करावे अशी चाल आपल्या घरांत आहे. पारायण करणाऱ्यांनी त्याच्या शीर्षकाचाही थोडा विचार करायला हरकत नाही.

गाव रिकामे होते तेव्हा

शेवटचा शब्द आमच्या तालुक्याच्या जिव्हाळ्याचा. येथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या बाहेर जातात. कोणी गिरणीत गेले, कोणी जहाजावर, कोणी आखातात. गणपतीला आणि शिमग्याला कुलपे उघडतात, पुन्हा लागतात. या जाण्याला मराठी 'स्थलांतर' म्हणते. हिंदीत याच अर्थाने 'पलायन' हा शब्द सर्रास वापरतात. डोंगरातली गावे ओस पडू लागली म्हणून उत्तराखंड सरकारने २०१७मध्ये आयोग नेमला, त्याच्या नावातच 'पलायन' आहे. हिंदी भाषकाला त्यात दूषण वाटत नसावे. 'पलायन'चा मूळ अर्थ तर दूर जाणे एवढाच. पण मराठी कानाला तो शब्द टोचतो. २०२०च्या टाळेबंदीत शहरातून पायी निघालेल्या मजुरांच्या बातम्या हिंदीवरून जशाच्या तशा उतरवताना काही मराठी मथळ्यांतही 'पलायन' आले. ज्यांचे काम थांबले, ज्यांना भाडे परवडेना आणि ज्यांना गाडी मिळेना, ते घरी चालत निघाले होते. मराठीत 'पलायन' म्हटले की त्यांनी काहीतरी टाळले असा वास येतो.

त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आले. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, छपरे उडाली. वादळापूर्वी किनाऱ्यालगतची माणसे घाईने हलवली गेली. त्याला सरकारी भाषेत 'सुरक्षित स्थळी स्थलांतर' असा शब्द होता. त्या घाईला कोणी पळ म्हटले नाही, कारण वाऱ्याशी लढण्याची अपेक्षा कोणी धरत नाही. उपासमारीशी मात्र माणसाने गावात राहूनच लढावे, असे आपण मनात धरतो की काय, असा प्रश्न मला पडतो.

फाळणीनंतर आलेल्यांना आपण 'निर्वासित' म्हटले. या शब्दात घालवून देणारा कोणीतरी आहे. हिंदीने 'शरणार्थी' म्हटले. त्यात पुढचे दार आहे. धरणात गाव गेलेल्याला मराठीने 'धरणग्रस्त' म्हटले. हा शब्द मला मोलाचा वाटतो, कारण त्यात माणसाचे जाणे गौण आहे आणि ज्याने घालवले ते धरण शब्दातच उभे आहे. अचानक निघून गेलेल्याबद्दल न्याय्य बोलायचे तर त्याच्या पायांकडे पाहून भागत नाही. त्याच्या मागे काय लागले होते तेही सांगावे लागते.

म्हणून वर्गातल्या त्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. शब्द एवढे आहेत, कारण जाण्याची कारणे तेवढी आहेत आणि मागे राहून निवाडा करणारेही तेवढे आहेत. कोणाबद्दल 'पळाला', 'पळून गेली', 'पसार झाला' असे लिहिण्यापूर्वी तो शब्द एकदा प्रथमपुरुषात म्हणून पाहावा. त्या माणसाने स्वतःबद्दल तो मान्य केला असता का? नसेल, तर आपण बातमी देत आहोत की शिक्षा, हे तपासावे. चोराच्या बाबतीत शिक्षा ठीक आहे. गिरणी बंद पडल्यावर बाडबिस्तरा घेऊन म्हसळ्याच्या एसटी स्टँडवर उतरलेल्या कामगाराला, किंवा स्वतःचे लग्न स्वतः ठरवलेल्या मुलीला, मराठीत दुसरे शब्द आहेत. ते काढून वापरण्याचे कष्ट आपण घ्यायला हवेत.